पंडिता रमाबाई आणि दररोजचा वधस्तंभ

सोलापुराहून पुण्याकडे जाणारी आगगाडी दौंड सोडून पुढे निघाली म्हणजे थोड्याच वेळात केडगाव नावाचे लहानसे स्टेशन लागते. सर्वच गाड्या तेथे थांबत नाहीत, आणि ज्या थांबतात त्यांतील उतारूही बहुधा आपल्या गाठोड्यांच्या व मुलाबाळांच्या काळजीत असतात. तथापि या गावाच्या शिवारात एका हिंदी स्त्रीने आपल्या आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे वेचिली, आणि तिने उभारलेले मुक्तिसदन आजही निराश्रित स्त्रियांस व मुलांस आसरा देत आहे. त्या स्त्रीचे, म्हणजे पंडिता रमाबाईंचे, चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे थोडक्यात ठेवावे असे आम्ही योजिले आहे. त्यांच्या विद्वत्तेची कीर्ती सर्वांस ठाऊक आहेच. परंतु आम्हांस आज त्यांच्यापासून एकच गोष्ट शिकावयाची आहे, ती ही की, वधस्तंभ वाहणे म्हणजे काय.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्रत्येक दुखण्याखुपण्यास, गरिबीस, घरातील कटकटीस आपल्या वाट्याचा वधस्तंभ म्हणण्याची चाल आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत पडून गेली आहे. शुभवर्तमानात मात्र वधस्तंभ वाहणारे दोघे आढळतात. एक प्रभू येशू, ज्याने तो आपण होऊन पत्करिला. दुसरा कुरेनेकर शिमोन, जो शेतावरून येत असता शिपायांनी त्यास वेठीस धरिले. शिमोनाच्या खांद्यावर लाकूड होते हे खरे. परंतु ते त्याने मागितले नव्हते. मनुष्याच्या वाट्यास येणारी पुष्कळशी दुःखे ही शिमोनाच्या वेठीसारखीच असतात. तेव्हा दुःख कोठे संपते व वधस्तंभ कोठे सुरू होतो, हे रमाबाईंच्या चरित्रात पाहावे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक असताही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि त्यापायी जातभाईंचा रोष पत्करिला. पुढे त्या मातेनेच रमाबाईंस शिकविले. पहाटे उठून आईच्या तोंडून श्लोक घोकावे, आणि दिवसा आईबाप, भाऊ व बहीण यांच्यासह या तीर्थाहून त्या तीर्थास पायी जावे, असे त्यांचे बालपण गेले. पुराण सांगावे व लोक देतील त्यावर निर्वाह करावा, हाच त्या कुटुंबाचा चरितार्थ होता.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. जेथे लोकांसच खावयास नाही तेथे पुराणिकास कोण देणार? अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागण्याची लाज वाटे. जवळचे भांडेकुंडे व दागिना विकून झाला, झाडपाला खाण्याची पाळी आली. प्रथम वडील गेले, मग आई, मग बहीण. रमाबाई तेव्हा विशीच्याही आत होत्या. आईचे प्रेत वाहावयास पुरेसे ब्राह्मण मिळेनात, तेव्हा मुलीने स्वतः हातभार लाविला. आणि उंचीने ठेंगणी असल्यामुळे तिला तिरडीचा आपल्याकडील दांडा डोक्यावर घ्यावा लागला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एवढ्या कोवळ्या वयात एवढे ओझे कोणाच्या डोक्यावर येऊ नये. परंतु ते आले होते, पत्करलेले नव्हते. ही शिमोनाची वेठ होय.

राहिलेली दोघे भावंडे उत्तरेकडे चालत चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली व आश्चर्य पावून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी विवाह केला. ते बंगाली व दुसऱ्या जातीचे असल्यामुळे या विवाहाचा मोठा बोभाटा झाला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा नावाची कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती दगावले. संसार दोन वर्षेही टिकला नाही. आई, बाप, बहीण, भाऊ, पती असे सर्व गमावून, कडेवर तान्हे मूल घेऊन, वयाच्या चोविसाव्या वर्षी ही विधवा महाराष्ट्रात परत आली.

या ठिकाणी रमाबाई रडत बसत्या तर त्यांस कोण दोष देता? जगात दुःख भोगलेली माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील काहींचे मन दुःखाने कठीण होते हेही आपण पाहतो. आम्ही इतके भोगले, आता दुसऱ्यांनीही भोगावे, असे म्हणणारी सासू आपल्या गल्लीत असते. रमाबाईंचे तसे झाले नाही. पुण्यास येताच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याच १८८२ साली सरकारच्या शिक्षण कमिशनपुढे साक्ष देऊन, मुलींस शिकविण्यास शिक्षिका व स्त्रियांच्या औषधोपचारास स्त्री-वैद्य तयार केले पाहिजेत, अशी मागणी केली.

पुढच्या वर्षी त्या इंग्लंडास गेल्या. वैद्यकी शिकावी असा विचार होता. परंतु कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो सोडून द्यावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक काम चालत असे. ज्या स्त्रिया वाममार्गास लागल्या त्यांस तेथे मायेने ठेवून घेऊन पुन्हा उभे करीत. ते पाहून रमाबाई थक्क झाल्या. अशा स्त्रियांस समाजातून घालवून द्यावे एवढेच त्यांनी आजपर्यंत पाहिले होते. या लोकांस अशी दया करण्यास कोण लावितो, असा प्रश्न त्यांनी केला. तेव्हा एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांस वाचून दाखविली. विहिरीवर बसलेल्या ज्या गुरूने टाकून दिलेल्या स्त्रीजवळ पाणी मागितले, तो रमाबाईंच्या अंतःकरणात शिरला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानंतर एक लहानशी गोष्ट घडली, तिच्यात मोठा अर्थ आहे. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत, ही गोष्ट रमाबाईंस मान्य होईना. अक्षरेच घालावयाची तर ती आपल्या संस्कृत भाषेची का नसावीत, लॅटिनात अधिक पवित्र ते काय, असे त्यांनी आपल्या गुरुभगिनीस स्पष्ट लिहिले. ख्रिस्ती झाल्याने आपण परक्या झालो असे त्यांनी कधीच मानिले नाही. खाणे शाकाहारी ठेविले, नेसणे आपल्याकडचे ठेविले. काही लोकांस हा हट्ट वाटला. आम्हांस वाटते की, जो क्रूस आपल्या मातृभाषेत वाचिता येत नाही तो गळ्यापर्यंतच राहतो, खाली हृदयात उतरत नाही, हे त्या विदुषीने ओळखिले होते.

इंग्लंडाहून त्या १८८६ साली अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी यांस वैद्यकीची पदवी मिळाली त्या समारंभास त्या हजर होत्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि विधवांच्या शाळेस १० वर्षे मदत देणारी मंडळी उभी केली. नंतर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या.

शारदासदनात कोणाचा धर्म बदलावयाचा नाही, असा नियम होता. ज्या मुली आपल्या जातीचे आचार पाळू इच्छितील त्यांस तशी सोय होती. परंतु रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले होते. तेथे यावरून मोठे वादळ उठले. केसरीने कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारख्या थोर हितचिंतकांनीही १८९३ साली सल्लागारपद सोडिले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांनी त्या नेल्या त्यांस दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. आपल्या मुलीच्या धर्माची काळजी आईबापांस वाटणारच, आणि आमच्या वाचकांतील सर्व धर्मांच्या पालकांस ती समजेल. परंतु रमाबाईंचा पेचही समजून घ्यावा. दार लावून प्रार्थना केली असती तर वाद मिटला असता, पैसा व मानमरातब राहिला असता. त्यांनी दार लाविले नाही, आणि कोणावर बळजबरीही केली नाही. या लोकनिंदेपासून त्यांस सहज बाजूस होता आले असते, परंतु त्या झाल्या नाहीत. म्हणून येथे वधस्तंभ सुरू झाला असे आम्ही म्हणतो.

याच सुमारास त्यांच्या आतही एक बदल घडला होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षांनी त्यांस असे दिसून आले की, आपण ख्रिस्ताचा धर्म घेतला, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळाला नाही. धर्माची मते पटणे वेगळे, आणि ज्याने आपणासाठी प्राण दिला त्याच्या हाती आपला प्राण देणे वेगळे. आमच्यासारखे जे ख्रिस्ती घरात जन्मले, ज्यांस उपासनेची गीते तोंडपाठ आहेत, त्यांनी हे विशेष ध्यानात धरावे. एवढ्या पंडितेस हे कळावयास ८ वर्षे लागली.

मग १८९६ साल उजाडले. मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडल्याची बातमी आली. सोलापूर जिल्ह्यातील माणसास दुष्काळ म्हणजे काय हे सांगावयास नको. रमाबाईंस तर तो आईबापांच्या चितेइतका ठाऊक होता. हाती पैसा नाही, जागा नाही. अशा स्थितीत त्या निघाल्या, दुष्काळी छावण्यांतून व धर्मशाळांतून हिंडल्या, आणि हाडांचे सापळे झालेल्या, आजारी, अनाथ, दुष्टांच्या हाती पडण्याच्या बेतात असलेल्या सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी गोळा केल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग सुरू झाला, व इतक्या जणींस शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगाव येथे पूर्वी घेऊन ठेवलेल्या शेतजमिनीवर राहुट्या व छपरे उभारून त्यांस तेथे नेले. अशा रीतीने मुक्तिसदन जन्मास आले. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेकडील मुलीही आल्या, आणि वस्ती २००० च्या घरात गेली.

ज्या मुलीने एकेकाळी दुष्काळात आपली आई जाळिली, तीच मुलगी वीस वर्षांनी दुष्काळात गेली. पहिल्या वेळी दुष्काळ तिच्याकडे आला. दुसऱ्या वेळी ती दुष्काळाकडे गेली. वेठीचे ओझे व वाहिलेला वधस्तंभ यांतील सर्व अंतर एवढ्यात आहे. शिवाय पहिले दुःख वाया गेले नाही. उपाशी माणसाच्या डोळ्यांत काय असते हे जिने भोगिले होते, तिलाच ते दुसऱ्याच्या डोळ्यांत ओळखिता आले.

एक मोठा अपसमज येथे दूर केला पाहिजे. रमाबाईंनी कोणाही बालविधवेस, तुझे वैधव्य व तुझा छळ हाच तुझा वधस्तंभ, तो मुकाट्याने सोस, असे सांगितले नाही. त्यांनी तिला घरात घेतले, जेवू घातले, अक्षरे शिकविली व तिच्या हातास उद्योग दिला. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची हेळसांड झाली तेव्हा त्या गप्प राहिल्या नाहीत. सरकारचा रोष होईल हे ठाऊक असून त्यांनी वृत्तपत्रात उघड लिहिले. वधस्तंभ हा आपल्या खांद्यावर घ्यावयाचा असतो, दुसऱ्याच्या पाठीवर लादावयाचा नसतो. ज्या घरात सुनेस मारहाण होते, किंवा मुलीची शाळा बंद करून तिला राबविले जाते, आणि वर वधस्तंभाचा उपदेश केला जातो, त्या घरात प्रभूचे नाव व्यर्थ घेतले जाते, असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते.

केडगावचे जीवन हे काही रोजच्या रोज पराक्रमाचे नव्हते. लूककृत शुभवर्तमानात वधस्तंभ उचलण्याची आज्ञा दररोजची म्हणून सांगितली आहे. आणि दररोजच्या गोष्टी बहुधा कंटाळवाण्या असतात. विहिरी खणणे, दळण, भाजीचा मळा, गुरांचा गोठा, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना, आजाऱ्यांची शुश्रूषा, उवा झालेल्या डोक्यांची निगा, आणि हट्टी, चोरटी, घाबरलेली पोरे! उपासमारीतून आलेली मुले एका दिवसात सद्गुणी होत नाहीत. वाट चुकलेल्या स्त्रियांकरिता कृपासदन निघाले. आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविण्याची सोय मनोरमाबाईंनी केली. फुलहॅम येथे रमाबाईंनी जे डोळ्यांनी पाहिले होते ते आता त्यांच्या हातांनी भीमाथडीच्या मातीत रुजले. पांढरे साधे लुगडे नेसणारी ही विदुषी, जिच्या व्याख्यानांस अमेरिकेत लोक जमत, ती येथे धान्याचा हिशेब पाहत असे.

त्यांचे शेवटचे मोठे काम पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हे होय. संस्कृताच्या या पंडितेने खेड्यातील अडाणी बाईस समजेल अशी सोपी मराठी मुद्दाम योजिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि सुमारे १८ वर्षे या कामास दिली. जुळारी, छापणाऱ्या, बांधणाऱ्या बहुतेक सदनातील स्त्रियाच. ज्या हातांस कोणी भीकही घातली नसती त्या हातांनी शास्त्र छापिले.

शेवटीही वियोग चुकला नाही. मनोरमाबाई मातेचा उजवा हात होत्या. आपल्या सोलापुरापासून फार दूर नसलेल्या गुलबर्ग्याच्या शाळेचे कामही त्यांनी चालविले होते. १९२१ च्या जुलैत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या वारल्या. वृद्ध मातेस आता फारसे ऐकूही येत नव्हते. कडेवर घेऊन जिला वैधव्याच्या दिवसांत वाढविले ती एकुलती एक कन्या गेली. रमाबाई पुन्हा आपल्या मुद्रितांकडे वळल्या. ती तपासून संपल्यावर थोड्याच काळात, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी देह ठेविला. संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या स्मरणार्थ भारत सरकारने १९८९ साली टपालाचे तिकीट काढिले.

आता विद्यार्थी विचारतील, आम्ही काही मुक्तिसदन काढणार नाही, मग आम्हांस यातून काय घ्यावयाचे? उत्तर सोपे आहे, करणे कठीण. परीक्षेत नापास होणे, आजार, घरची तंगी हे तुमचे वधस्तंभ नव्हेत. ती आयुष्याची वेठ आहे, आणि तिच्यात देव तुम्हांस टाकीत नाही. परंतु जो एकदा नापास झाला त्याने मागे पडलेल्या सोबत्यास रोज अर्धा तास शिकविले, तर ती वेठ वधस्तंभ झाली. ज्या मुलीने फी न भरल्याबद्दल खाली मान घालून उभे राहणे अनुभविले, तिने वर्गातील दुसऱ्या गरीब मुलीस हसणाऱ्यांत सामील होण्याचे नाकारिले, तर तीही त्याच वाटेने चालली. आईबापांनी म्हाताऱ्या आजीचे एकच रडगाणे शंभराव्या वेळीही शांतपणे ऐकून घेतले, तर शेजाऱ्यांस ते दिसणार नाही, वार्षिक अंकात छापूनही येणार नाही. परंतु वधस्तंभ तोच.

रमाबाईंच्या डोक्यावर जी तिरडी आली ती त्यांनी निवडिली नव्हती. तिच्या भाराने मान मोडली नाही, उलट पुढील भार उचलण्यास ती तयार झाली, ही देवाची कृपा. तुमच्यापैकी ज्यांच्या डोक्यावर आज न मागितलेले ओझे आहे त्यांनी धीर सोडू नये. आणि डोके थोडे हलके होईल त्या दिवशी इकडेतिकडे पाहावे. शेजारीच कोणीतरी वाकलेले दिसेल.